हाताची सफाई मशीनमध्ये उतरवणारा हेन्री मॉडस्ले

गेल्या पावसाळ्यात राजमाचीच्या ट्रेकवर माझ्या ट्रायपॉडचा एक स्क्रू हरवला. फोन धरणारा चिमटा ट्रायपॉडवर ज्याने बसतो ना, तो. पाव इंच जाड आणि बोटाच्या पेराएवढा लांब. नवा ट्रायपॉड मागवणं अगदी सोपं होतं. पण आमच्या बाल्कनीत मी एक छोटं वर्कबेंच मांडलंय. त्यावर एक व्हाइस, चार कानशी, हॅकसॉ, हँड ड्रिल आणि टॅप-डायचा एक सेट एवढाच संसार आहे. दिवसभर स्क्रीनवर कोड लिहून झाला की संध्याकाळी हाताने काहीतरी बनवावंसं वाटतं. म्हटलं, एक स्क्रूच तर आहे, घरीच बनवू.

पितळेची दोन सुती सळई आणली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माप मला बाबांकडून मिळालेलं. सळई व्हाइसमध्ये पकडली, तेल सोडलं आणि डाय फिरवायला लागलो. पिवळेधमक कीस पडत होते, मजा येत होती. दहा मिनिटांत स्क्रू तयार. चिमट्यात बसवायला गेलो तर तीन फेरे आत गेला आणि अडकला. नीट पाहिलं तेव्हा कळलं की सुरुवातीलाच डाय किंचित कलती बसली होती, त्यामुळे सगळे आटे एका बाजूला झुकले होते. दुसरा केला, तो पहिल्यापेक्षा बरा, पण डुगडुगणारा.

बाबांनी भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर काम केलंय. त्यांनी माझा स्क्रू बोटांत फिरवून पाहिला, हसले आणि म्हणाले की लेथवर हे पाच मिनिटांचं काम आहे. मी विचारलं, लेथवर तो वाकडा का नाही होत? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला आधी पटलं नाही. ते म्हणाले, कारण तिथे हत्यार तुझ्या हातात नसतं.

या एका वाक्याच्या मागे लागून मी ज्या माणसापर्यंत पोचलो, त्याचं नाव हेन्री मॉडस्ले. आज त्याची गोष्ट सांगतो. तुमच्या हातातल्या फोनमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे जे बारीक स्क्रू आहेत, ते ज्या कल्पनेवर उभे आहेत ती या माणसाने दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पक्की केली.

आधी एक प्रयोग करा

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची उभी बाजू पेन्सिलीला समांतर धरून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीवर गोल गोल चढत जाईल. हाच स्क्रूचा आटा. दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच.

आता कल्पना करा की या रेषेवरून तुम्हाला कानशीने खाच पाडायची आहे, तीही लोखंडात, आणि प्रत्येक फेऱ्यात पिच अगदी सारखी राहिली पाहिजे. अठराव्या शतकातले कारागीर बरेचसे स्क्रू अशाच पद्धतीने किंवा हातात छिन्नी धरून लेथवर अंदाजाने कापत. हात कितीही तयार असला तरी पिच कुठे कमी, कुठे जास्त व्हायचीच. म्हणून प्रत्येक बोल्टचा नट वेगळा असायचा. मशीन खोलताना कुठला नट कुठल्या बोल्टचा हे खूण करून ठेवावं लागे. जोडीतला एक हरवला, तर दुसरा भंगारात.

मी हाही प्रकार करून पाहिला. पितळी सळईवर कागद चिकटवला आणि त्रिकोणी कानशीने दोन तास घासत बसलो. जे तयार झालं त्याला स्क्रू म्हणायला माझीच जीभ रेटत नाही.

वूलविचचा पोरगा

हेन्रीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वूलविचमध्ये झाला. वूलविचला ब्रिटिश सैन्याचं मोठं शस्त्रागार होतं. त्याचे वडील सैन्यात चाकं बनवणारे सुतार होते, जखमी झाल्यावर शस्त्रागाराच्या कोठारात कामाला लागले. हेन्री नऊ वर्षांचा असताना ते वारले. घरात सात मुलं, हेन्री पाचवा.

बारा वर्षांचा झाल्यावर त्याला त्याच शस्त्रागारात कामाला लावलं. काम काय, तर काडतुसांमध्ये दारू भरणं. दोन वर्षांनी त्याला सुतारकामाच्या विभागात टाकलं. पण त्याचं लक्ष शेजारच्या लोहारशाळेकडे. भट्टी, ऐरण, घणाचे घाव यांतच त्याचा जीव रमायचा. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला तिकडे पाठवलं आणि तिथे मात्र तो चमकला. लाल तापलेल्या लोखंडाला आकार देण्यात आणि कानस चालवण्यात या पोराचा हात कोणी धरू शकत नाही, अशी त्याची ख्याती वूलविचच्या बाहेर पसरली.

शाळा म्हणावी तर अगदीच थोडी. त्याचं सगळं शिक्षण हाताने झालं.

ब्रामाचं कुलूप

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक संशोधक अडचणीत होता. १७८४ मध्ये त्याने एका नव्या कुलपाचं पेटंट घेतलं होतं. या कुलपाची किल्ली नळीसारखी. नळीच्या टोकाला वेगवेगळ्या खोलीच्या खाचा. किल्ली आत दाबली की कुलपातल्या पातळ पट्ट्या प्रत्येकी ठरावीक अंतर सरकतात, सगळ्या नेमक्या जागी आल्या तरच कुलूप फिरतं. एक पट्टी केसभर मागेपुढे झाली तरी खेळ संपला. पासवर्डसारखंच, एक अक्षर चुकलं तरी चालत नाही.

कल्पना उत्तम होती, पण एवढे बारीक आणि अचूक भाग बनवणार कोण? हाताने बनवलेलं एकेक कुलूप अफाट महाग पडायचं आणि तरी अडकायचं. ब्रामाला कोणीतरी हेन्रीचं नाव सुचवलं. १७८९ मध्ये हेन्री समोर येऊन उभा राहिला तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. एवढ्या लहान मुलाला कसबी कारागिरांत घ्यायचं कसं, असा प्रश्न पडला. वर्कशॉपमध्ये एक झिजलेली जुनी व्हाइस पडली होती. हेन्रीने ती मागून घेतली आणि दिवस संपायच्या आत तिच्या जबड्यांना नवं पोलाद जोडून, घासून, पाणी देऊन ती नव्यासारखी करून दाखवली. नोकरी पक्की झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडिंग राउंड क्लिअर.

ब्रामाने आपलं एक कुलूप पिकॅडिलीमधल्या दुकानाच्या खिडकीत ठेवलं आणि जो ते उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस जाहीर केलं. हे कुलूप हेन्रीच्या हातचं. त्यात अशा अठरा पट्ट्या होत्या. ते साठ वर्षं कोणालाही उघडता आलं नाही. शेवटी १८५१ मध्ये आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन माणसाने ते उघडलं, तेही सोळा दिवसांत मिळून ५१ तास झटापट केल्यावर.

पण मला महत्त्वाची वाटते ती या कुलपामागची दुसरी गोष्ट. हेन्रीने फक्त कुलूप बनवलं नाही. कुलपाचे भाग पुन्हा पुन्हा तसेच निघावेत म्हणून त्याने खास हत्यारं आणि छोटी यंत्रं बनवली. एक काम दोनदा हाताने करावं लागलं की तिसऱ्यांदा त्याची स्क्रिप्ट लिहिणारा एक मित्र प्रत्येक टीममध्ये असतो. हेन्री तसला होता.

पांगुळगाडा

तेव्हाचे लेथ कसे होते ते आधी समजून घेऊ. लेथवर जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो धातूचा तुकडा, गोल फिरतो आणि कामगार त्यावर हत्यार टेकवतो. हे हत्यार हातात धरलेलं असायचं. पुढे एक आधार असे, पण दाब, कोन, वेग सगळं मनगटावर अवलंबून. लाकडासाठी ठीक. लोखंडाला मात्र हिसका बसला की हत्यार थरथरतं आणि जॉबवर लाटा उमटतात.

ब्रामाकडे असतानाच, १७९४ च्या सुमारास, हेन्रीने हत्यार हातातून काढून एका लोखंडी घोड्यावर घट्ट बसवलं. हा घोडा सरळ रुळांवर पुढेमागे सरकतो आणि तो सरकवायला हँडल फिरवायचं. याला स्लाइड रेस्ट म्हणतात. कामगाराने फक्त हँडल फिरवायचं, हत्यार सरळच जाणार.

वर्कशॉपमधल्या इतर कारागिरांनी त्याची भरपूर टिंगल केली. लहान मुलाला चालायला शिकवायच्या गाडीचं नाव त्यांनी या यंत्राला दिलं. आपल्याकडे असतं तर पांगुळगाडाच म्हणाले असते. ज्याच्या हातात कसब आहे त्याला असल्या कुबड्या कशाला हव्यात, असा त्यामागचा भाव. गंमत म्हणजे तिथे सगळ्यात तयार हात हेन्रीचाच होता. त्याला कुबडीची गरज सगळ्यात कमी होती.

एक खुलासा इथेच करतो, कारण इंटरनेटवर याबाबत बराच गोंधळ आहे. स्लाइड रेस्टची किंवा स्क्रू कापणाऱ्या लेथची कल्पना एकट्या मॉडस्लेची नाही. इंग्लंडमध्ये जेसी रॅम्सडेन, फ्रान्समध्ये सेनो अशा काही जणांनी त्याच्याआधी तशा मशिन बनवल्या होत्या. मॉडस्लेचं काम असं की त्याने हे सगळे भाग एकत्र आणले, लाकूड काढून टाकून संपूर्ण लोखंडात दणकट बांधले आणि रोजच्या कामाला लावले. प्रोटोटाइप आणि प्रॉडक्ट यांत जो फरक असतो, तोच.

तीस शिलिंग

ब्रामाकडे हेन्री मुख्य कारागीर झाला. १७९१ मध्ये त्याने ब्रामाच्या घरी काम करणाऱ्या सारा टिंडेलशी लग्न केलं. मुलं झाली, खर्च वाढला. पगार आठवड्याला तीस शिलिंग. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं. ज्याच्या यंत्रांवर त्याचं कुलूप उभं होतं, त्याला नाही म्हटलं! हेन्रीने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर एक चित्रकार. त्याला चित्र ठेवायच्या घोड्यासाठी लोखंडी भाग हवे होते.

याच छोट्या जागेत त्याचा स्क्रू कापणारा लेथ घडला.

लेथ स्क्रू कसा कापतो?

बाबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. जॉब फिरतोय आणि हत्यार घोड्यावर बसलंय. आता घोडा हाताने न सरकवता एका लांब स्क्रूने सरकवायचा. हा लीड स्क्रू. आणि तो जॉबलाच गिअरने जोडायचा. म्हणजे जॉब किती फिरला यावर हत्यार किती सरकणार हे ठरलेलं. कामगाराचा मूड, दमलेला हात, अंधूक डोळे, कशाचाही संबंध नाही.

हिशोब करून बघू. समजा लीड स्क्रूला इंचाला ५ आटे आहेत. म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात हत्यार इंचाचा पाचवा भाग पुढे जातं. मला ट्रायपॉडसाठी इंचाला २० आटे हवेत. मग जॉबचे चार फेरे होतील तेव्हा लीड स्क्रूचा एक फेरा व्हायला हवा. जॉबकडे २० दात्यांचा गिअर आणि लीड स्क्रूकडे ८० दात्यांचा लावला की काम झालं. २५ आटे हवेत? ८० चा काढून १०० चा लावा. आधीच्या लेथमध्ये पिच बदलायची तर अख्खा लीड स्क्रू बदलावा लागे. १८०० च्या सुमारास मॉडस्लेने बदलता येणारे गिअर लावले. कोड तोच, फक्त पॅरामीटर बदलायचा. त्याचा हा लेथ आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

इथे हुशार वाचकाला प्रश्न पडेल. अचूक स्क्रू कापायला अचूक लीड स्क्रू हवा. मग पहिला अचूक लीड स्क्रू आला कुठून?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. पहिला कंपायलर कशाने कंपाइल केला? मॉडस्लेचं उत्तर साधं होतं. त्याने एक धारदार पातं ठरावीक कोनात कलतं बसवलं आणि लाकडाचा किंवा मऊ धातूचा दंडगोल फिरवत त्याला टेकवला. पातं त्यात रुतलं की तिरकं असल्यामुळे दंडगोलावरून आपोआप पुढे सरकत जातं आणि आटा कोरत जातं. अगदी आपल्या कागदी त्रिकोणासारखं, पण न चुकता. असे पुष्कळ स्क्रू काढायचे, त्यातला सगळ्यात चांगला निवडायचा, त्यावरून पोलादी स्क्रू कापायचा, तो तपासून दुरुस्त करायचा, मग त्याच्यावरून पुढचा. प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा थोडी सरस.

मला यातली धीराची बाजू जास्त भावते. एकदा चांगला लीड स्क्रू हातात आला की त्याच्यावरून दुसऱ्या लेथचा लीड स्क्रू निघतो, त्यावरून तिसऱ्याचा. कारागिराचं कसब त्याच्याबरोबर मरतं. लीड स्क्रूमधली अचूकता मात्र कॉपी करता येते.

एकशे दहा आणि दहा

१८०० च्या आसपास मार्क ब्रुनेल नावाचा फ्रेंच इंजिनिअर वर्कशॉपमध्ये आला. तो काही ड्रॉइंग घेऊन यायचा आणि त्यानुसार मॉडेल बनवून मागायचा, पण कशासाठी ते सांगायचा नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर मॉडस्लेने ड्रॉइंगवरूनच ओळखलं की हे जहाजाच्या कप्प्या बनवायच्या मशीनचे भाग आहेत. मग दोघांचं जमलं ते कायमचंच.

शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला दोरखंड ओढायला साधारण हजारभर लाकडी कप्प्या लागत. ब्रिटिश नौदलाला वर्षाला लाखभर हव्या होत्या आणि त्या सगळ्या हाताने बनत. ब्रुनेलच्या कल्पनेवरून मॉडस्लेने पोर्ट्समथच्या गोदीसाठी चाळीसहून जास्त मशिन बांधल्या. एक लाकूड कापते, दुसरी भोक पाडते, तिसरी खाच करते, असं ओळीने. १८०८ पर्यंत या मशिन वर्षाला सव्वा लाखाहून जास्त कप्प्या देत होत्या. पूर्वी जिथे ११० कसबी कारागीर लागत, तिथे आता १० अकुशल माणसं पुरत.

हा आकडा बहुतेक लेखांमध्ये कौतुकाने दिलेला असतो. मी तो बाबांना वाचून दाखवला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, बाकीच्या शंभरांचं काय झालं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी असं का विचारलं ते मात्र मला माहीत होतं. मी आठवीत असताना त्यांच्या कारखान्यात सीएनसी आली. सहा लेथच्या जागी दोन सीएनसी उभ्या राहिल्या आणि बाबांना स्टोअरमध्ये बसवलं. पगार तोच राहिला, पण घरी आल्यावर हाताला तेलाचा वास येईनासा झाला. त्यांनी मशीनला कधी शिव्या दिल्या नाहीत. उलट सीएनसीच्या फिनिशिंगचं ते आजही कौतुक करतात. फक्त त्या दिवसापासून मायक्रोमीटर त्यांनी कपाटात ठेवून दिला.

आणि आता माझी पाळी आहे. ज्या कोडसाठी मला दोन दिवस लागायचे तो एआय टूल दोन मिनिटांत लिहून देतं. म्हणून मॉडस्लेच्या गोष्टीत मला त्या शंभरांपैकी एक व्हायची भीती वाटते आणि मॉडस्ले व्हायची हावही सुटते. दोन्ही खरं आहे.

लॉर्ड चॅन्सेलर

१८१० मध्ये कारखाना लंडनच्या लॅम्बेथ भागात हलला. पुढे जोशुआ फील्ड भागीदार झाला आणि मॉडस्ले, सन्स अँड फील्ड हे नाव वाफेच्या इंजिनांसाठी जगभर गाजलं. १८२५ मध्ये इंग्लंडहून कोलकात्याला आलेल्या एंटरप्राइज या पहिल्या आगबोटीचं इंजिन त्यांचंच. आपल्या मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट पुढच्या वर्षी मार्चमध्ये सुएझला निघाली, तिची इंजिनंही मॉडस्लेच्याच कारखान्यातली.

एवढी अवजड कामं करूनही त्याचं लक्ष बारीक मापांवरच. कामगारांच्या बेंचवर त्याने अगदी सपाट लोखंडी प्लेट ठेवल्या होत्या. जॉब सपाट आहे असं वाटणं पुरेसं नाही, प्लेटवर टेकवून बघा. आणि त्याच्या स्वतःच्या बेंचवर एक मायक्रोमीटर असे. त्याच्या स्क्रूला इंचाला १०० आटे, आणि फिरवायच्या चकतीवर १०० भाग. चकती एक भाग फिरवली की जबडा इंचाचा दहा हजारावा भाग सरकणार. म्हणजे साधारण अडीच मायक्रॉन, आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढं. कारखान्यात मापावरून वाद झाला की या उपकरणाचा निकाल अंतिम. म्हणून त्याचं नाव ठेवलं लॉर्ड चॅन्सेलर, इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या पदावरून.

बेडरूममधली भट्टी

१८२९ मध्ये जेम्स नॅस्मिथ नावाचा वीस वर्षांचा तरुण एडिनबरोहून मॉडस्लेला भेटायला आला. आपल्यासारख्या घरी खटपट करणाऱ्यांचा हा खरा पूर्वज. वडील चित्रकार. हा पोरगा घरात स्वतःच्या बेडरूममध्ये पितळ वितळवून वाफेच्या इंजिनाचे छोटे भाग ओतायचा. वडिलांची झोपायची खोली बरोबर खाली, त्यामुळे साच्यातली वाळू आवाज न करता ठोकायची कसरत. असे भाग जुळवून केलेली मॉडेल तो विकायचा आणि त्या पैशांतून कॉलेजची फी भरायचा.

शिकाऊ मुलांचे वाईट अनुभव आल्याने मॉडस्लेने तोवर उमेदवार घेणं बंद केलं होतं. पण नॅस्मिथने घरी बनवलेलं इंजिनाचं मॉडेल आणि ड्रॉइंग पाहिली आणि त्याला थेट आपल्या खाजगी वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. रेझ्युमे नाही, फक्त हातचं काम. वाफेवर चालणारा अजस्र हातोडा पुढे याच नॅस्मिथने बनवला.

तोच एकटा नाही. धातू सपाट रंधणारी मशीन बनवणारा रिचर्ड रॉबर्ट्स मॉडस्लेकडे काम केलेला. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग ज्याने बनवले तो जोसेफ क्लेमंटही. कॉम्प्युटरच्या इतिहासात बॅबेजचं नाव सगळे घेतात, पण ते दातेरी चक्रांचे ढीग अचूक बनवू शकणारा माणूस या शाळेत तयार झाला होता.

आणि जोसेफ व्हिटवर्थ. मॉडस्लेने आपल्या कारखान्यापुरते स्क्रूंचे आकार ठरवून टाकले होते. व्हिटवर्थने १८४१ मध्ये तेच देशासाठी मांडलं. किती जाडीला इंचाला किती आटे, आट्याचा कोन ५५ अंश, सगळं पक्कं. त्या तक्त्यात पाव इंचाच्या स्क्रूला इंचाला २० आटे आहेत. आता तुमचा ट्रायपॉड घ्या आणि मोजा. पाव इंच, वीस आटे. बहुतेक जग मिलिमीटरवर आलं तरी कॅमेऱ्याचा आणि मोबाइल स्टँडचा स्क्रू आजही तोच आहे. नंतरच्या अमेरिकन मानकात कोन ६० अंश झाला, बाकी जाडी आणि आटे तेच.

अखेर

१८३१ च्या सुरुवातीला मॉडस्ले फ्रान्समध्ये एका आजारी मित्राला भेटायला गेला होता. परतताना खाडी ओलांडताना त्याला थंडी बाधली. १४ फेब्रुवारी १८३१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो गेला. वूलविचच्या चर्चच्या आवारातच त्याला पुरलं. तिथलं कुटुंबाचं ओतीव लोखंडाचं स्मारकही त्याने स्वतःच आखलं होतं.

माझा स्क्रू

हे सगळं वाचून झाल्यावर मी बाबांना म्हटलं की आपण हा स्क्रू लेथवर करू. त्यांच्या जुन्या मित्राचं चिंचवडला छोटं वर्कशॉप आहे, तिथे एक जुना लेथ अजून चालतो. रविवारी गेलो. बाबांनी कपाटातला मायक्रोमीटर सोबत घेतला होता. मी काही बोललो नाही.

त्यांनी मला आधी गिअर लावायला लावले. मग जॉब चकमध्ये पकडून, टोकाला किंचित उतार देऊन, एकेक हलका कट. पहिला कट म्हणजे पितळेवर नुसता ओरखडा. त्यावर स्टीलची पट्टी धरून त्यांनी एका इंचात वीस आटे मोजले, मगच पुढे जाऊ दिलं. हँडल मी फिरवत होतो, पण ते माझ्या हाताकडे बघत नव्हते. कान मशीनकडे होता. मध्येच त्यांनी थांबायची खूण केली. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. हत्यार काढून पाहिलं तर धार बोथट झालेली.

हत्यार हातात नसतं हे खरं. पण कधी थांबायचं हे कळणारं कोणीतरी लेथजवळ उभं लागतं. मॉडस्लेला हे माहीत असावं, कारण एवढं करून ठेवल्यावरही तो शेवटपर्यंत स्वतःच्या बेंचवर कानस चालवत होता.

घरी करून बघायचं असेल तर लेथची वाट बघू नका. पाव इंची डाय आणि पितळेची सळई घ्या. सळईच्या टोकाला कानशीने सगळीकडून सारखा उतार द्या, डाय सरळ बसली आहे का ते दोन बाजूंनी गुण्या लावून बघा, तेल सोडा, अर्धा फेरा पुढे गेलात की पाव फेरा मागे या म्हणजे कीस तुटतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि ड्रिल चालवताना हातमोजे नकोत. पहिला वाकडा होईल. माझे दोन झाले.

तिसरा स्क्रू ट्रायपॉडला बसला. वाकडे दोन बाबांनी मागून घेतले. त्यातल्या एकाच्या डोक्याला भोक पाडून आता त्याची किचेन केली आहे आणि स्कूटरची किल्ली त्यात अडकवली आहे.